सी. जे. हॉलमध्ये स्टेज शोधताना

गेटवे, एलिफंटाची लाँच, कुलाब्यातली खरेदी सगळं यथासांग पार पडलं. त्यात सांगण्यासारखं काही नाही. सांगायचंय ते राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाबद्दल.

बाबा यायला तयारच नव्हते. अमूर्त चित्र म्हटलं की त्यांचा चेहरा कारलं खाल्ल्यासारखा होतो. पण रीगल सिनेमाच्या चौकात इमारत दिसली आणि म्हणाले, "अगं, हा तर सी. जे. हॉल!"

हो, तोच. 1911 सालचं सर कावसजी जहांगीर सभागृह. वास्तुविशारद जॉर्ज विटेट. समोरचं म्युझियम (छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय) आणि गेटवेही त्याचंच, म्हणजे आमची सहल नकळत त्याच्याच अंगणात चालली होती. एके काळी इथे मैफली रंगायच्या. पुढे दुसरी, सोयीची सभागृहं आली आणि या हॉलच्या वाट्याला युनियनच्या सभा, बॉक्सिंगचे सामने आणि लग्नाची रिसेप्शन्स उरली. शिल्पकार पिलू पोचखानवाला, आर्ट गॅलरी चालवणारे केकू गांधी अशा मंडळींनी पाठपुरावा केला, नूतनीकरण वर्षानुवर्षं चाललं आणि 1996 मध्ये इथे हे कलादालन उघडलं.

बाबा इथे एका मित्राच्या रिसेप्शनला जेवून गेले होते. त्यामुळे चित्रं राहिली बाजूला, ते स्टेज शोधायला लागले. सापडणार कसं? बाहेरच्या भिंती तशाच ठेवून आतला उंच हॉल मजल्यांमध्ये विभागलाय. एक दालन, जिना, पुन्हा दालन, असं करत थेट घुमटापर्यंत.

"नवरा-नवरी इथे बसले होते," एका भल्यामोठ्या निळ्या कॅनव्हाससमोर ते म्हणाले. जिना चढल्यावर मात्र विचारात पडले. "इथे तर तेव्हा नुसती हवा होती. पंखे फिरायचे तिथे उभे आहोत आपण!"

सुरक्षारक्षकाला विचारलं. "मी लागलो तेव्हापासून असंच आहे, काका."

कोपऱ्यात स्केच करणाऱ्या मुलीने मान वर केली. "जेवायला काय होतं?"

"आइस्क्रीम आठवतंय. बाकी गर्दीच फार."

ती हसली, बाबा खुलले आणि पुढची वीसेक मिनिटं तिला हॉलच समजावत बसले. मी मुकाट्याने चित्रं बघितली. समोरच्या म्युझियममध्ये शाळांच्या सहलींचा कल्ला होता, त्यामानाने ही शांतता मला फार आवडली. तरी एक वाटलंच: कुठेतरी उभं राहून तो अख्खा हॉल एका नजरेत दिसायला हवा होता. जिने पुष्कळ आहेत, गुडघे दुखणाऱ्यांनी बेताने चढावं. आणि सोमवारी जाऊ नका, बंद असतं.