किती आवळायचे?

घरातल्या सगळ्या यंत्रांत सायकलीइतके उघडे यंत्र दुसरे नाही. मिक्सर बंद पडला तर त्याच्या पोटात काय बिघडले ते बाहेरून कळत नाही, पण सायकलीची चेन, दाते, तारा, ब्रेक हे सारे आपल्या डोळ्यांदेखत चालते आणि डोळ्यांदेखतच बिघडते. त्यामुळे मी माझी अठ्ठावीस इंची काळी सायकल घरीच दुरुस्त करायला घेतली, तेव्हा सुट्या भागांची नावे आणि पान्यांचे नंबर पाठ झाले की काम झाले, अशी माझी समजूत होती. ती पाठांतरे लवकर झाली. त्यानंतर मात्र प्रत्येक नटापाशी एकच प्रश्न नव्याने उभा राहू लागला, तो म्हणजे हा नट नेमका किती आवळायचा.

पंक्चरमध्ये हा प्रश्न फारसा येत नाही, तिथे केवळ धीर लागतो. चाकातली हवा गेली की आधी वॉलट्यूब, म्हणजे व्हॉल्व्हवरची बारीक रबरी नळी, पाहावी. व्हॉल्व्हच्या तोंडाला थुंकीचे बोट लावल्यावर बुडबुडा आला, तर बोटाच्या पेराएवढ्या रबरी नळीवर भागते आणि टायर उचकटण्याचा उपद्व्याप वाचतो. बुडबुडा आला नाही तर ट्यूब बाहेर काढून घमेल्यातल्या पाण्यात बुडवावी लागते, भोक सापडले की तेवढी जागा घासून सोल्युशन लावावे लागते, आणि ते बोटाला जेमतेम चिकटेल इतके वाळेपर्यंत स्वस्थ बसावे लागते. ओल्या सोल्युशनवर घाईने दाबलेला पॅच हमखास सुटतो. टायरच्या आतून बोटे जपून फिरवायलाही विसरू नये, कारण बाभळीचा काटा तिथेच रुतून बसलेला असतो आणि नव्या पॅचशेजारी दुसरे भोक पाडतो. बेलफास्टच्या जॉन बॉइड डनलॉप या पशुवैद्याने मुलाच्या तीनचाकीसाठी हवेचे टायर तयार केले आणि १८८८ मध्ये त्याचे पेटंट घेतले. काट्यांशी सायकलवाल्यांचे वैर तेव्हापासूनचे असावे.

खरी परीक्षा कोन बसवताना होते. पुढच्या हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मधोमधच्या नळीत, दोन्ही बाजूंना ३/१६ इंची छर्‍यांची एकेक रांग असते, मागच्या हबमधले छर्रे पाव इंची असतात, आणि या रांगांना बाहेरून दाबून धरणारा भाग म्हणजे कोन. तो जास्त आवळला तर छर्रे करकरतात आणि त्यांच्या वाटेत खड्डे पडतात. सैल ठेवला तर चाक डगडगते आणि वळणावर सायकल अंग टाकते. सगळे डिझेलने धुऊन (रॉकेल आता शहरात सहजासहजी मिळत नाही), ताज्या ग्रीसमध्ये छर्रे रोवून, कोन डगडग जाईपर्यंत बोटांनी फिरवला तरी काम संपत नाही, कारण वरचा लॉकनट आवळताना कोनही किंचित आत सरकतो. म्हणून सरकण्याइतकी जागा आधीच मोकळी सोडावी लागते. ती किती, हे कोणत्याही पान्यावर लिहिलेले नाही. बसले की नाही ते पडताळण्याची एक जुनी रीत मात्र फार नामी आहे: चाक उचलून धरून व्हॉल्व्ह आडवा आणावा आणि हात काढून घ्यावा. एवढ्याशा व्हॉल्व्हच्या वजनाने चाक आपसूक फिरले, झोके घेतले आणि व्हॉल्व्ह खाली येऊन थांबले, तर कोन बरोबर बसला. तेवढ्यानेही चाक हलले नाही, तर पुन्हा पाना हातात घ्यावा.

चाकाचा आउट, म्हणजे रिमचा डावी-उजवीकडचा वाकडेपणा, काढतानाही हेच. सायकल सीट आणि हँडलवर उलटी करावी, फोर्कला टेकवून रिमजवळ खडू धरावा आणि चाक फिरवावे, म्हणजे फुगलेल्या जागी खडूची रेघ उमटते. रिम उजवीकडे गेली असेल तर त्या जागेच्या डाव्या तारा निपलने (तारेच्या रिमकडच्या टोकाच्या छोट्या नटाने) पाव वळसा आवळायच्या आणि उजव्या तेवढ्याच सोडायच्या. एकाच तारेवर सगळा राग काढला तर चाक एका बाजूने सरळ होते आणि दुसर्‍या बाजूने अंड्यासारखे होते.

चेनच्या बाबतीत मात्र हाताच्या अंदाजावर विसंबण्याची गरज नाही, तिथे फूटपट्टी चालते. नव्या चेनच्या चोवीस कड्यांची लांबी बरोबर बारा इंच भरते. तीच मोजणी एक-अष्टमांश इंचाने वाढली की चेन बदलावी. टाळाटाळ केली तर ती फ्रीव्हीलचे (मागच्या चाकावरच्या दातेरी चक्राचे) दातेही आपल्यासारखे झिजवते, आणि मग नवी चेन जुन्या दात्यांवरून उडत राहते. डावे पेडल उलट्या आट्याचे असते, एवढे एकदा लक्षात ठेवले की पेडलचेही कोडे सुटते.

कॉटर पिनसाठी मात्र मी अजून कोपर्‍यावरच्या सायकलवाल्या काकांकडेच जातो. क्रँकमध्ये, म्हणजे पेडलच्या दांड्यात, रुतलेली ती पोलादी पाचर काढायला ते नट पिनेच्या टोकाशी सपाट येईल इतका उलटा फिरवतात, म्हणजे आट्यांना मार बसत नाही. मग क्रँकखाली लोखंडी नळी उभी टेकवतात, म्हणजे घाव बेअरिंगपर्यंत पोहोचत नाही, आणि हातोड्याचा एकच घाव घालतात. दहा भित्र्या ठोक्यांनी पिन वाकते आणि अधिकच अडकते, हे मला ठाऊक आहे, पण त्या एका घावात किती जोर घालायचा ते माझ्या हाताला अजून ठाऊक नाही. नवी पिन कानशीने घासून बसवताना ते दोन्ही क्रँक एका रेषेत आले का ते नुसत्या नजरेने पाहतात, आणि तोवर मी त्यांचे पाने पुसून जागच्या जागी ठेवतो.