मार्क बेताचे, तरी विंग्ज मिळाले
कॉलेजात माझा जीपीए, म्हणजे मार्कांची सरासरी, ४ पैकी जेमतेम २.७, थर्मोडायनामिक्सने तर पार वाट लावलेली, त्यामुळे अमेरिकन एअर फोर्स रिझर्व्हमध्ये (हवाई दलाच्या राखीव दलात) पायलट व्हायचंय म्हटलं की लोक आधी हसायचे. पण गंमत अशी की पायलट निवडीसाठी पीसीएसएम नावाचा जो १ ते ९९ चा स्कोअर असतो ना, त्यात जीपीए धरतच नाहीत, एएफओक्यूटी या एअर फोर्सच्या अधिकारी-भरती परीक्षेतले पायलटचे मार्क, टीबास म्हणजे जॉयस्टिक-पेडलवाली कॉम्प्युटर टेस्ट आणि तुमचे फ्लाइंग अवर्स, बस्स. मग काय, पगार सगळा छोटं सेस्ना विमान उडवण्यात घातला (बचत शून्य, असो).

खरी मेख पुढे आहे. रिझर्व्हमध्ये स्क्वाड्रन, म्हणजे विमानांची तुकडी, आपली माणसं स्वतःच निवडतं, म्हणजे ड्रिल वीकेंडला (तुकडीच्या सरावाच्या शनिवार-रविवारी) जा, गप्पा मारा, परत जा, तोंडओळख वाढवा. इंटरव्ह्यूत एका मेजरने ट्रान्सक्रिप्टवर बोट ठेवून विचारलं, "हे काय?" मी म्हटलं, सर, नोकरी करून शिकत होतो, शेवटच्या वर्षाचे मार्क बघा. त्याने पान उलटलं आणि गाडी थेट क्रॉसविंड लँडिंगवर (आडव्या वाऱ्यात विमान उतरवण्यावर) गेली.

निवड झाल्यावरही राइट-पॅटरसन या एअर फोर्सच्या तळावर मेडिकल, त्यात डोळ्यांची कसून तपासणी, मग साधारण वर्षभराचं पायलट ट्रेनिंग, आणि विंग्ज, म्हणजे पायलटचा बिल्ला, मिळाल्यावर १० वर्षांची बांधिलकी, तिच्यावर मात्र मी डोळे झाकून सही केली.