किट कपाटात, मी गोलात

हॉकीत गोलकीपर सुधारायचा असेल तर आधी काय लागतं, असं विचारलं तर लोक चपळाई, धाडस वगैरे सांगतील. मी सांगते, आवक क्रमांक. हो, कार्यालयात अर्ज दिला की त्यावर पडतो तोच.

अकरावीत आधीची कीपर पास होऊन गेली आणि संघात उंच मीच, म्हणून मला गोलात उभं केलं. पहिलं वर्ष बरं गेलं. टेनिस बॉल भिंतीवर मारून डाव्या हातानं अडवायचा, चवड्यांवर राहून आडवं सरकायचं, रविवारी अजिंक्यताऱ्याची चढण. याला किट लागत नाही, त्यामुळे कुणाची सहीही लागली नाही.

अडलं ते पायाशी. कीपरनं चेंडू नुसता अडवून भागत नाही, तो साइडलाइनकडे काढावा लागतो. समोर पडला की फॉरवर्ड टपलेलीच असते. सर रोज ओरडायचे, "रिबाउंड समोर देऊ नकोस!" वजन पुढे, गुडघा वाकलेला, डोकं चेंडूवर, सगळं करत होते. पण जुन्या किकरचा, म्हणजे बुटावर बांधायच्या जाड कवचाचा, फोम दबून पार मेलेला. चेंडू उशीवर पडल्यासारखा तिथंच बसायचा. चांगल्या फोमवरून तो आपोआप लांब उडतो, किकचं निम्मं काम फोमच करतो. उजव्या किकरचा पट्टा तुटलेला, त्याजागी सायकलच्या ट्यूबची पट्टी. त्यात आमचं मुरमाचं मैदान, टप्पा कुठून उसळेल त्याचा नेम नाही.

आणि नवीन किट आलेलं होतं. हेच तर दुखणं. कार्यालयाशेजारच्या स्टोअरमध्ये खोकं पडून होतं. शिपाईमामांनी एकदा दार उघडं ठेवलं तेव्हा मी डोकावले. खोक्याचा कोपरा फाटलेला, आत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला नारिंगी किकर, एकही ओरखडा नाही.

पॅरिस ऑलिंपिकला आपला गोलकीपर श्रीजेशनं दहा जणांच्या भारताला ब्रिटनविरुद्ध शूटआउटमध्ये तारलं, तो रविवार होता. सोमवारी मी कार्यालयात कारकुनांपुढे उभी.

"भाऊसाहेब, नवीन किट कधी मिळेल?"

"जुनं डेड स्टॉकच्या नोंदवहीत आहे ना बाळ. ते निर्लेखित होऊन त्यातून बाद झाल्याशिवाय नवीन इश्यू कसं करू? ऑडिटला मी काय दाखवू?"

म्हणजे जुनं किट मेलंय हे कागदावर ठरेपर्यंत मी तेच घालून गोलात उभं राहायचं. निर्लेखनाला समिती. समितीतले एक सर प्रशिक्षणाला गेलेले. ते आले तेव्हा दुसऱ्या मॅडम रजेवर. दोघंही हजर झाले तर यादीत किटच नाही, कारण यादी प्रयोगशाळेच्या फुटक्या काचसामानाची केली होती. गणपती गेले, नवरात्र गेलं. दर वेळी उत्तर एकच, "प्रोसेसमध्ये आहे." कुणी वाईट वागलं नाही, चहासुद्धा विचारला. पण चहानं चेंडू अडत नाही. मधल्या काळात जिल्हास्तरीय स्पर्धा झाल्या आणि माझ्या पायाशी मेलेल्या चेंडूवर आम्ही गोल खाल्ला. प्रेक्षकांत कुणीतरी म्हणालं, "कीपर कच्ची आहे." ते अजून डोक्यात आहे.

घरी म्हटलं, श्रीजेशच्या वडिलांनी गाय विकून त्याला पॅड घेतले होते. पप्पा म्हणाले, "म्हैस दूध देती. तुझं पॅड काय देणार?" साताऱ्यातल्या दुकानात विचारलं तर त्यांनी विकेटकीपरचे ग्लोव्हज पुढे केले.

शेवटी मीच अर्ज लिहिला. फुटलेल्या फोमचे आणि ट्यूबच्या पट्टीचे फोटो जोडले, इजा होऊ शकते असं स्पष्ट लिहिलं. वैष्णवी फाळके आणि अक्षता ढेकळे या आपल्याच जिल्ह्यातल्या फलटण तालुक्यातून भारताकडून खेळल्या, हेही घातलं. सर म्हणाले, ते काढ. मी ठेवलं. दोन प्रती काढल्या आणि दुसरीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का घेतल्याशिवाय हलले नाही. तोंडी विचारणाऱ्याला "प्रोसेस" मिळते. क्रमांकवाल्या कागदाला मात्र कुणालातरी उत्तर द्यावं लागतं. दिवाळीची सुट्टी लागायच्या आत समिती बसली.

नवीन किकर घातल्यावर पहिल्याच सरावात चेंडू पार साइडलाइनबाहेर गेला. सर काही बोलले नाहीत. मला मात्र जाम बरं वाटलं.

पुढचं भराभर झालं. सगळ्यात उपयोगी पडली ती दोरी. दोन्ही खांबांना नायलॉनची दोरी बांधायची आणि तिची दुसरी टोकं मारणारीच्या चेंडूपाशी धरायची. गोल ३.६६ मीटर रुंद, पण दोऱ्यांच्या मध्ये दोन पावलं पुढे आलात की झाकायची जागा किती आक्रसते ते डोळ्यांनी दिसतं. पेनल्टी कॉर्नरला (बचावाच्या चुकीवर समोरच्यांना मिळणारी गोलाजवळची संधी) पहिला फटका हिट, म्हणजे स्टिक फिरवून मारलेला, असेल तर तो गोलाच्या तळाशी असलेल्या ४६० मिलिमीटरच्या फळीच्या उंचीवरून जाऊन चालत नाही, म्हणून हिटला खाली बसायची तयारी ठेवा. ड्रॅग फ्लिकला, म्हणजे चेंडू स्टिकनं ओढत भिरकावतात त्याला, ही मर्यादा नाही, तो वरही येतो. मुरमावर आडवं पडायचा सराव करू नका, मांडी सोलून निघते. आम्ही लांब उडीच्या वाळूत करायचो.

किट घालताना पॅडची बक्कलं बाहेरच्या बाजूला ठेवा, आत असली तर पळताना एकमेकांत अडकतात. हातमोजे सगळ्यात शेवटी, नाहीतर बाकीचं कुणी बांधायचं? घामानं ओलं झालेलं किट सावलीत वाळवा, उन्हात फोम खराब होतो.

आणि हो, किट देताना हमीपत्रावर पालकांची सही घेतात, त्यावर "पूर्ण संच मिळाला" असं छापलेलं असतं. सहीआधी खोकं तिथंच उघडून घशाचं गार्ड आहे का बघा. आमच्यात नव्हतं. भाऊसाहेब म्हणाले, अर्ज दे. मी जालंधरहून स्वतःच्या पैशानं मागवलं.