सुडोकू बाजूला, सध्या नोनोग्राम (आणि शेजारच्या मामांची ढील)

मंडळी, बऱ्याच दिवसांनी अपडेट टाकतोय. मागच्या वेळी सुडोकूत एक्स-विंगवर अडकलो होतो, ते आता हाताला बसलंय. म्हणजे एखादा अंक दोन आडव्या ओळींत फक्त त्याच दोन कॉलममध्ये बसू शकत असेल तर त्या दोन कॉलममधल्या बाकीच्या घरांतून तो अंक खोडून टाकायचा, हे पूर्वी शोधावं लागायचं, आता पेन्सिलच्या खुणा टाकता टाकताच दिसतं. आणि खरं सांगू का, दिसायला लागलं तशी मजा कमी झाली. पेपरातला सुडोकू चहा संपायच्या आत संपतो, त्यात डोकं कमी आणि हात जास्त चालतो. सतराच आकडे दिलेले सुडोकू पण करून बघितले, कारण सतरापेक्षा कमी आकड्यांत एकच उत्तर येणारा सुडोकू बनतच नाही हे २०१२ मध्ये कॉम्प्युटरला लावून सिद्ध झालंय. पण आकडे कमी म्हणजे अवघड असं काही नसतं, सतरावाले कितीतरी सोपेच निघाले. पंचवीस-सव्वीस आकडेवाले जास्त छळतात.

म्हणून नोनोग्राम घेतला. ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: चौकटीच्या डावीकडं आणि वरती आकडे असतात, "४ ३" असं लिहिलेलं असेल तर त्या ओळीत सलग चार घरं काळी, मग किमान एक रिकामं, मग सलग तीन काळी. सगळं भरलं की चित्र येतं. जपानमध्ये १९८७ च्या सुमारास नोन इशिदा या बाईंनी इमारतीच्या खिडक्यांतले दिवे चालू-बंद करून चित्र काढायची कल्पना लढवली होती, त्यातनं हे आलं, नावातलं 'नोनो' त्यांच्याच नावावरनं. तेत्सुया निशिओनं पण त्याच काळात वेगळं बसून हेच काढलं होतं म्हणे, एकाच वेळी दोघांना सुचलं.

माझं मेडिकल नवी पेठेच्या अलीकडं आहे. एप्रिलमध्ये सोलापुरात पारा बेचाळीस-त्रेचाळीसला गेला की दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसतं, तेव्हा काउंटरवर वही उघडायची आणि बसायचं. दहा बाय दहाचे जमायला लागले, पंधरा बाय पंधराला मात्र गाडी अडायची. मी मोठा आकडा बघून सुरुवात करायचो, मोठा आकडा दिसला की भरायला जायचो, आणि मधेच काहीच पुढं सरकायचं नाही.

इथं शेजारचे मामा आले. पूर्व भागात आयुष्यभर चादरीच्या डिझाइनचं काम केलेला माणूस, घरात तेलुगू, बाहेर अस्सल सोलापुरी. बीपीच्या गोळ्या न्यायला आले आणि वहीत डोकावून म्हणाले, "काय करलालास बे?" मी सांगितलं कोडं आहे, आकड्यावरनं चित्र काढायचंय. त्यांनी वही फिरवून घेतली, चष्मा कपाळावर सारला, म्हणाले, "हे तर आमचं ग्राफ हाय की. उलटं."

आणि खरंच उलटं आहे ते. सोलापुरी चादरीवरचं मोर, कमळ, जे काय असेल ते आधी ग्राफ पेपरवर रंगवायचे. एक चौकोन म्हणजे एक उभा धागा आणि एक आडवा धागा जिथं भेटतात ती जागा. चौकोन रंगवला की तिथं उभा धागा वर उचलायचा, कोरा ठेवला की खाली. मग एकेका आडव्या ओळीचं एक कार्ड, रंगवलेल्या घराला भोक, कोऱ्याला नाही. ही कार्डं साखळीनं जोडून जॅकार्डवर (मागावरचं धागे उचलणारं यंत्र) चढवली की माग आपोआप तेच उचलतो आणि तेच सोडतो. आता हे कॉम्प्युटरवर होतं, पण मामांच्या वेळेला ओळ बघून तोंडानं बोलायचे, तीन वर, एक खाली, चार वर, आणि दुसरा माणूस कार्डाला भोकं पाडायचा. म्हणजे चित्रावरनं आकडे त्यांनी जन्मभर काढले, मी आकड्यावरनं चित्र काढतोय.

तर त्यांनी माझं पंधरा बाय पंधराचं कोडं घेतलं आणि जे पहिलं विचारलं ते असं, "ढील किती हाय ते बघ आधी." मला कळेना. मग समजावलं. दहा घरांची ओळ, आकडे ४ आणि ३. चार अधिक तीन सात, मधलं एक रिकामं धरून आठ. घरं दहा, म्हणजे ढील दोनची. आता सगळं डावीकडं ढकलून बघ, मग उजवीकडं ढकलून बघ. चारचा तुकडा डावीकडं १ ते ४, उजवीकडं ३ ते ६, म्हणजे ३ आणि ४ नंबरची घरं काहीही झालं तरी काळीच. तीनचा तुकडा ६ ते ८ किंवा ८ ते १०, म्हणजे ८ वं घर पक्कं. सरळ हिशोब: तुकड्याच्या लांबीतनं ढील वजा करा, उरेल तितकी घरं पक्की. उरलं शून्य किंवा कमी, तर त्या तुकड्याला सध्या हात लावायचा नाही. एकटा ७ असेल तर ढील तीन, चार घरं पक्की, मधली.

पुस्तकातपण हे दिलेलं असतं, ओव्हरलॅप वगैरे नावानं, मी वाचलेलं होतं. पण आधी ढील बघायची आणि मग आकडा, हा क्रम मामांकडनं आला, आणि त्यामुळं कुठली ओळ आधी घ्यायची हा प्रश्नच संपला. कमी ढीलवाली आधी, बस. "३ १ ४ २ १" असली बारक्या आकड्यांची ओळ मी सगळ्यात शेवटी ठेवायचो, तिच्यात मधली रिकामी घरं धरून सगळं मिळून पंधरा होतात आणि पंधराच्या चौकटीत ढील शून्य, म्हणजे सगळ्यात पहिली भरायची ओळ तीच. आता पंधरा बाय पंधरा आरामात होतंय, वीस बाय वीस चालू केलंय. नियम एकच ठेवलाय, अंदाजानं एकही घर भरायचं नाही, भरलं तर का भरलं ते सांगता आलं पाहिजे. याची गती कमी आहे, असू दे.

आता मूळ मुद्दा, असल्या कोड्यांनी बुद्धी मोजता येते का. आपल्यापैकी बरेच जण बुद्धी मोजायला म्हणून या नादाला लागले, मीपण. एका ॲपनं मला वीसेक प्रश्न विचारून बुद्ध्यांक १४७ दिला आणि सर्टिफिकेट पाहिजे असेल तर पैसे भरा म्हणाला. सरासरी १००, पंधराची पायरी, त्या हिशोबानं १३० च्या वर शंभरातले दोनेक लोक असतात, १४७ म्हणजे हजारात एखादा. खरी चाचणी मानसशास्त्रज्ञ समोर बसवून घेतात, तास-दीड तास लागतो, ते काय काउंटरवर क्रोसिन देता देता होणारं काम नाही. ॲप काढून टाकलं.

भाचीचं पाचवीच्या स्कॉलरशिपचं पुस्तक घरात होतं, त्यातलं बुद्धिमत्तेचं मामांना दाखवलं. आरशातली प्रतिमा, फिरवलेली आकृती, गटात न बसणारी आकृती, सगळं बोट ठेवून ठेवून सांगितलं, एक चुकलं नाही. आणि "अ हा ब च्या मुलाचा मामा आहे" असलं आलं की म्हणाले, हे नको, हे भांडणाचं हाय. मग आता मामांची बुद्धी किती धरायची? ज्याच्यात डोळा मुरला तिथं शंभरपैकी शंभर.

यावर एक जुना प्रयोग आहे, मानसशास्त्रज्ञ पीटर वेसन यांचा, १९६६ चा. चार कार्डं, एका बाजूला अक्षर, दुसऱ्या बाजूला अंक. दिसतंय A, K, ४, ७. नियम असा की एका बाजूला स्वर असेल तर मागं सम अंक असलाच पाहिजे. नियम पाळलाय का बघायला कुठली कार्डं उलटायची? बहुतेक लोक A आणि ४ म्हणतात. बरोबर उत्तर A आणि ७, कारण ४ च्या मागं काहीही असलं तरी नियम मोडत नाही, ७ च्या मागं स्वर निघाला तर मोडतो. हे मी दुकानातल्या पोराला घातलं, तो A आणि ४ वरच गेला. मग तेच दुसऱ्या कपड्यात घातलं: चार बिलं आहेत, एका बाजूला औषध, दुसऱ्या बाजूला चिठ्ठी आहे का नाही. एकावर दिसतंय अँटिबायोटिक, एकावर बाम, एकावर डॉक्टरची चिठ्ठी आहे, एकावर चिठ्ठी नाही. अँटिबायोटिक दिलं तर चिठ्ठी पाहिजेच. कुठली बिलं उलटून बघशील? क्षणात म्हणाला, अँटिबायोटिकचं आणि बिनाचिठ्ठीचं, बामचं काय बघायचं त्यात. गणित तेच, एक अक्षर बदललेलं नाही, फक्त त्याच्या रोजच्या कामातलं झालं. संशोधकांनी पण १९८२ मध्ये दारू आणि वयाच्या नियमावर हेच करून बघितलं होतं, तिथं बहुतेकांना जमलं.

जाता जाता, मालिकेतली पुढची संख्या ओळखा या प्रकारावर माझा राग आहे तो आहेच. १, २, ४, ८, १६, पुढं काय? पुस्तकात ३२. वर्तुळावर बिंदू घेऊन सगळे एकमेकांना जोडा आणि जास्तीत जास्त किती तुकडे पडतात मोजा, एक बिंदू एक तुकडा, दोनला दोन, तीनला चार, चारला आठ, पाचला सोळा, आणि सहाला एकतीस. भाचीला हे सांगितलं तर म्हणाली परीक्षेत ३२ च लिहिणार. शहाणी आहे.

तिला त्यापेक्षा गणितज्ञ कापरेकरांचं ६१७४ जास्त आवडलं. डहाणूचे, नंतर देवळालीला शाळेत मास्तर. चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत, अंक उतरत्या क्रमानं लावा, त्यातनं चढता क्रम वजा करा, परत तेच. जास्तीत जास्त सात वेळा, की ६१७४ येतंच. तिनं कापरेकरांचं जन्मसाल घेतलं, १९०५: ९५१० वजा ०१५९ म्हणजे ९३५१, मग ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि मग ६१७४. मोजा, बरोबर सात. एवढ्या साध्या वजाबाकीत पूर्ण सात पायऱ्या खाणारं साल निघालं याचं तिला फार कौतुक वाटलं, मलापण.

पुढचं: वीस बाय वीस रोज एक, मग रंगीत नोनोग्राम. रंगीतमध्ये दोन वेगळ्या रंगांच्या तुकड्यांत रिकामं घर लागत नाही, त्यामुळं ढीलचा हिशोब बदलतो, तो अजून नीट बसवायचाय. मामा म्हणालेत जुने ग्राफ माळ्यावर असतील तर काढतो, त्यातला एखादा आकड्यांत उतरवून इथं टाकीन. तोवर नवीन लोकांनी हे करून बघा, पाच बाय पाच. आडव्या ओळी वरून खाली: १, ३, ५, १ १, १ १. उभ्या डावीकडून: १, ४, ३, ४, १. काय दिसलं ते सांगा, आणि पहिलं घर कुठलं भरलं आणि का, तेपण.