पॅकेटमागे ६७ नॅनोसेकंद

सोमवार

लिनक्स कर्नलचा (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचा) नेटवर्किंगचा कोड उघडण्याआधी एक हिशेब वहीच्या कोपऱ्यात लिहून ठेवलेला बरा. इथरनेटची सगळ्यात लहान फ्रेम (तारेवरून जाताना पॅकेट ज्यात बसतं ते वेष्टन) ६४ बाइटची. तिच्या आधी ८ बाइटचा प्रिअँबल (सुरुवातीची खूण), नंतर १२ बाइटची मोकळी जागा. तारेवर एकूण ८४ बाइट. १० गिगाबिटच्या जोडणीवर अशा फ्रेम एकीला लागून एक आल्या तर सेकंदाला १ कोटी ४८ लाख ८० हजार होतात आणि प्रत्येकीच्या वाट्याला ६७.२ नॅनोसेकंद येतात. ३ गिगाहर्ट्झच्या कोअरला तेवढ्यात दोनशे सायकल (घड्याळाचे ठोके) मिळतात. १०० गिगाबिटला वीसच.

आता खर्चाची बाजू. कुठल्याच कॅशमध्ये (प्रोसेसरजवळच्या छोट्या, वेगवान मेमरीत) न सापडलेलं एक वाचन मुख्य मेमरीपर्यंत गेलं की ६० ते १०० नॅनोसेकंद जातात. एकाच वाचनात सगळं बजेट साफ. अटॉमिक सूचना (मध्ये दुसरा कोअर घुसू शकत नाही अशी), कोणाशी स्पर्धा नसली तरी, वीसेक सायकल घेते. तीच कॅश लाइन (कॅशमध्ये एकदम आणला जाणारा मेमरीचा तुकडा) दुसऱ्या कोअरने नुकतीच लिहिली असेल तर खर्च शंभराच्या पुढे जातो. बेरीज, तुलना, बिट तपासणं हे यांच्यासमोर जवळजवळ फुकट.

म्हणून कोडच्या ओळी घटल्या की वेग वाढतो हे सरसकट खरं नाही. ओळ काढताना तिच्यासोबत मेमरीला होणारा एखादा स्पर्श, एखादं लॉक, एखादा रेफरन्स काउंट (एखादी गोष्ट किती जण वापरत आहेत याची मोजणी) गेला का, एवढंच बघायचं. गेला असेल तर सुटसुटीतपणा आणि वेग एकाच बदलात मिळतात. नसेल तर ती झाडलोट. झाडलोट करायला हरकत नाही, फक्त कमिटच्या (बदलाच्या नोंदीच्या) मजकुरात तिला वेगवाढ म्हणू नये.

बुधवार

काढून टाकल्याने सुधारलेल्या गोष्टींमध्ये आयपीव्ही४ च्या रूटिंग कॅशचा (पॅकेट कुठे पाठवायचं याची तयार उत्तरं ठेवणाऱ्या टेबलाचा) नंबर पहिला. २०१२ च्या सप्टेंबरात आलेल्या ३.६ आवृत्तीत कर्नलच्या नेटवर्किंगचे तेव्हाचे देखभालकर्ते डेव्हिड मिलर यांनी ती मुळासकट काढली. तोवर रीत अशी होती: पॅकेटचा स्रोत पत्ता, गंतव्य पत्ता आणि इंटरफेस यांचा हॅश (त्यांच्यापासून बनवलेला एक आकडा) काढायचा, टेबलात नोंद सापडली तर तयार मार्ग उचलायचा, नाही तर मुख्य रूटिंग टेबलात शोधून नवी नोंद घालायची. कागदावर उत्तम.

गोम अशी की कॅशमध्ये काय भरलं जाणार हे बाहेरून पॅकेट पाठवणारा ठरवत होता. कोणी दर पॅकेटला वेगळा स्रोत पत्ता घातला की प्रत्येक पॅकेट म्हणजे हुकलेला शोध, वर नव्या नोंदीची मेमरी, वर जुन्या नोंदी झाडणारा गार्बेज कलेक्टर. त्यावर उपाय म्हणून हॅशला यादृच्छिक बी (सीड) आलं, ते अधूनमधून बदलणं आलं, साखळीच्या लांबीवर मर्यादा आल्या आणि झाडण्याचा वेग ठरवणारे सिसकंट्रोल (चालू कर्नलमध्ये बदलता येणाऱ्या सेटिंग) आले. नाकापेक्षा मोती जड. आणि हे सगळं सांभाळूनही सर्व्हर किती पेलेल हे समोरच्या वाहतुकीच्या स्वभावावरच ठरायचं.

ती काढणं मात्र एका फटक्यात होण्यासारखं नव्हतं, आणि मला यातला हाच भाग सगळ्यात शिकण्यासारखा वाटतो. कॅशच्या नोंदींमध्ये मार्गाखेरीज इतर माहितीही राहत होती: पाथ एमटीयू (त्या वाटेवर मावणारं सगळ्यात मोठं पॅकेट), आयसीएमपी रीडायरेक्टने (‘यापुढे त्या वाटेने पाठव’ या संदेशाने) शिकवलेला गेटवे. तिच्यासाठी नेक्स्ट हॉपला (मार्गातल्या पुढच्या टप्प्याच्या नोंदीला) जोडलेली अपवादांची छोटी टेबलं करावी लागली. दर पॅकेटला नवा मार्ग-ऑब्जेक्ट बनू नये म्हणून तयार ऑब्जेक्ट नेक्स्ट हॉपमध्येच ठेवला गेला. टीसीपीसाठी ‘अर्ली डीमक्स’ आलं. त्यात आयपीच्या थरावरच जोडणी झालेलं सॉकेट (जोडणीचं या यंत्रावरचं टोक) शोधतात आणि त्याने आधीपासून धरून ठेवलेला मार्ग वापरतात, म्हणजे टेबलात शोधायचंच नाही. वापरकर्त्याने स्वतःचे रूटिंग नियम घातलेले नसतील तर नियमांची साखळी चालायची नाही. हे सगळं जागेवर होतं म्हणून मूळ कॅश काढता आली.

तरीही एकाच ठिकाणी सुरळीत जाणाऱ्या वाहतुकीसाठी ट्रायमधला (मुख्य रूटिंग टेबलाच्या झाडासारख्या रचनेतला) शोध हा कॅशमध्ये सापडलेल्या नोंदीपेक्षा थोडा महागच होता. तो तोटा माहीत असून पत्करला. पुढे ४.० आणि ४.१ मध्ये ट्रायची रचना नव्याने लिहिली गेली आणि खास नियम नसतील तिथे ‘लोकल’ (यंत्राचे स्वतःचे पत्ते) व ‘मेन’ (बाकीचे मार्ग) ही दोन टेबलं एकाच ट्रायमध्ये आली, म्हणजे दोन शोधांच्या जागी एक. गुंता आधी गेला म्हणूनच ही दुरुस्ती सोपी झाली. कॅश जागेवर असती तर ट्रायकडे कोणी वळून पाहिलं नसतं.

जाता जाता: ज्या यंत्राचं काम निव्वळ पॅकेट पुढे ढकलण्याचं आहे, तिथे अर्ली डीमक्सचा शोध वायाच जातो, कारण सॉकेट सापडणारच नसतं. त्यासाठीचा सिसकंट्रोल तिथे बंद करावा.

याच जातीचं दुसरं उदाहरण ४.४ मधलं. त्याआधी येणाऱ्या प्रत्येक सिन (नवी जोडणी मागणाऱ्या) पॅकेटसाठी ऐकणाऱ्या सॉकेटचं लॉक घ्यावं लागे आणि अर्धवट जोडण्या त्या सॉकेटच्याच खासगी टेबलात बसत. कोअर कितीही असोत, सगळे त्या एका लॉकशी रांग लावत. कर्नलच्या नेटवर्किंगवर काम करणारे एरिक ड्युमाझे यांनी अर्धवट जोडण्या इतर जोडण्यांच्याच मोठ्या हॅश टेबलात आणल्या; प्रत्येकीला तिचा टायमर त्यांनी त्याआधी ४.१ मध्येच दिला होता. वेगळं टेबल गेलं, ते झाडणारा टायमर गेला, लॉकही गेलं.

शुक्रवार

डेटाच्या मांडणीबद्दल. कर्नलमध्ये पॅकेटचं वर्णन ठेवणारा एसकेबी हा स्ट्रक्ट (एकत्र ठेवलेल्या फील्डांचा संच) ६४-बिट यंत्रावर सव्वादोनशे बाइटच्या पुढे जातो, म्हणजे चार कॅश लाइन. डीबग माहितीसह बांधलेल्या कर्नलवर ‘पाहोल’ हे स्ट्रक्टची मांडणी दाखवणारं साधन चालवलं की कोणतं फील्ड कोणत्या लाइनवर आहे आणि मध्ये किती भोकं (रिकामे बाइट) पडली आहेत ते दिसतं. पण भोकं बुजवणं हा दुय्यम फायदा. आधी दोन प्रश्न विचारायचे: पॅकेटच्या वाटेवर एकत्र वाचली जाणारी फील्ड एकत्र आहेत का, आणि सतत लिहिलं जाणारं फील्ड नुसत्या वाचल्या जाणाऱ्या फील्डांच्या शेजारी बसलं आहे का. दुसरा प्रकार जास्त घातक. एक कोअर काउंटर वाढवतो आणि त्याच लाइनवरचा कधीच न बदलणारा पॉइंटर इतर सगळ्या कोअरना पुन्हा आणावा लागतो.

६.८ आवृत्तीत नेमकं हेच काम झालं. टीसीपी सॉकेट, नेटवर्क डिव्हाइस वगैरे स्ट्रक्टमधली फील्ड पाठवताना वाचायची, घेताना वाचायची, लिहायची अशा गटांत लावली, आणि कोणी नंतर मधेच फील्ड घुसवून गट मोडला तर बिल्ड करतानाच ओरड होईल अशा तपासण्या घातल्या. अनेक जोडण्या एकाच वेळी चालू असताना फायदा ४० टक्क्यांपर्यंत नोंदला गेला. लॉजिकची एक ओळही न बदलता.

काउंटर वाटून देण्यालाही किंमत असते. नेटवर्क डिव्हाइसचा रेफरन्स काउंट प्रत्येक सीपीयूसाठी वेगळा केला (२.६.३७), त्यामुळे वाढवणं-घटवणं स्वस्त झालं. पण आता एखाद्या ड्रायव्हरने घेतलेला रेफरन्स सोडला नाही तर तो कोणी घेतला हे बेरजेवरून कळत नाही. कर्नल लॉगमध्ये ‘लो (यंत्राचा स्वतःशीच बोलण्याचा इंटरफेस) मोकळा होण्याची वाट पाहत आहे’ या अर्थाची ओळ दर थोड्या वेळाने उमटते आणि नेमस्पेस (नेटवर्कचा वेगळा ठेवलेला कप्पा) पुसलाच जात नाही. त्यासाठी ५.१७ मध्ये रेफरन्स ट्रॅकर आला. तो चालू करून बिल्ड केला की घेणाऱ्याचा स्टॅक ट्रेस (तिथवर पोहोचलेल्या फंक्शनांची साखळी) मिळतो.

मोजमापाचं काही. कोअरची वारंवारता स्थिर ठेवा, टर्बो बंद, आयआरक्यू बॅलन्सर (इंटरप्ट कोअरांमध्ये वाटणारी सेवा) बंद, नेटवर्क कार्डची एक रांग एका कोअरला बांधलेली. लॉकडेप आणि केसान (लॉकच्या आणि मेमरीच्या चुका पकडणाऱ्या तपासण्या) असलेल्या बिल्डवर घेतलेले आकडे सरळ फेकून द्यावेत. नेटपर्फ या वेग मोजणाऱ्या साधनाची मोठ्या प्रवाहाची चाचणी पॅकेटमागचा खर्च लपवते, कारण जीआरओ (येणाऱ्या पॅकेटांचा गठ्ठा करणारा कर्नलचा भाग) सगळं एकत्र बांधून देतो. त्यासाठी छोट्या यूडीपी पॅकेटची किंवा विनंती-उत्तराची चाचणी घ्यावी. कर्नलचे पॅकेटांचे काउंटर दाखवणाऱ्या सॉफ्टनेट-स्टॅट फाइलचा तिसरा स्तंभ (आकडे हेक्समध्ये असतात) वाढत असेल तर सॉफ्ट आयआरक्यूला (आलेली पॅकेटं हाताळणाऱ्या कर्नलच्या कामाला) ३०० पॅकेटांचं बजेट किंवा वेळ पुरत नाही. दुसरा वाढत असेल तर पॅकेट गळत आहेत.

व्हर्च्युअल यंत्रात हार्डवेअर काउंटर मिळाले नाहीत तर ‘पर्फ’ (वेळ कुठे जातो ते दाखवणारं साधन) साध्या टायमरवर चालतं, आणि इंटरप्ट बंद असताना गेलेला सगळा वेळ ते पुन्हा चालू करणाऱ्या फंक्शनच्या, बहुधा स्पिनलॉक सोडणाऱ्या फंक्शनच्या नावावर टाकतं. मग आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. माणसं लॉक सुधारत बसतात आणि खरा खर्च त्या लॉकच्या आत भलतीकडेच असतो.

रविवार

गुंतागुंत नेहमीच वाईट असं मात्र नाही. जीआरओ हा कोड वाचायला कटकटीचा आहे. येणाऱ्या पॅकेटचे हेडर जुळवायचे, क्रम जुळवायचा, पुश बिट (‘लगेच वर द्या’ ही खूण) दिसला तर गठ्ठा मोकळा करायचा, आठ बकेटांत प्रत्येकी आठपर्यंत गठ्ठे धरून ठेवायचे. पण १४४८ बाइटचे पंचेचाळीस तुकडे ६४ किलोबाइटच्या एका गठ्ठ्यात आले की आयपी, फायरवॉल आणि टीसीपीची वाट पंचेचाळीसऐवजी एकदाच चालावी लागते. पुढच्या प्रत्येक थराला आपापली चलाखी करण्याची गरज उरत नाही. एका जागी कोंडलेला असा गुंता मला मान्य आहे. सगळीकडे थोडा थोडा शिंपडलेला नको.

जानेवारी २०१८ नंतर इथे आणखी एक खर्च वाढला. स्पेक्टर या प्रोसेसरमधल्या सुरक्षात्रुटीवरच्या रेटपोलिन उपायामुळे फंक्शन पॉइंटरमधून केलेला प्रत्येक कॉल महाग झाला, आणि प्रोटोकॉलनुसार कॉलबॅक ही तर नेटवर्किंग कोडची सवयच. त्यावर तोडगा म्हणून पॉइंटर अपेक्षित फंक्शनचाच आहे का ते आधी तपासतात आणि असेल तर थेट कॉल करतात. कोड कुरूप दिसतो, थरांची स्वच्छता बिघडते, तरी आकडे त्याचीच बाजू घेतात. अशा जागी कॉमेंट लिहिणं सक्तीचं करावं, नाही तर पुढचा माणूस ‘सोपं करतो’ म्हणत ते काढून टाकेल.

रेफरन्स काउंट काढून वेग मिळवताना सगळ्यात जास्त जपावं लागतं. पॅकेटवर मार्ग ‘नोरेफ’ पद्धतीने लावला की काउंट वाढत नाही, पण तो पॉइंटर फक्त आरसीयूच्या (लॉक न घेता वाचण्याच्या पद्धतीच्या) वाचन-विभागातच भरवशाचा. पॅकेट क्यूडिस्कच्या (पाठवायच्या पॅकेटांची रांग सांभाळणाऱ्या भागाच्या) रांगेत थांबणार असेल तर त्याआधी खरा रेफरन्स घ्यावाच लागतो. ते राहिलं तर साध्या चाचणीत काही दिसत नाही, कारण मार्ग पुसला जाण्याआधीच पॅकेट निघून गेलेलं असतं. चूक बाहेर काढायची तर केसानचा कर्नल बांधा, बाहेर जाणाऱ्या इंटरफेसवर नेटेम (मुद्दाम उशीर घालणारी क्यूडिस्क) लावून २०० मिलिसेकंद उशीर घाला म्हणजे पॅकेट रांगेत रेंगाळतील, आणि वाहतूक चालू असताना दुसऱ्या टर्मिनलवरून त्याच गंतव्याचा मार्ग लूपमध्ये पुसत-घालत राहा. रेफरन्स चुकला असेल तर मोकळी झालेली मेमरी वाचल्याचा अहवाल येतो, आणि ती कोणी दिली आणि कोणी सोडली हे दोन्ही स्टॅक त्यात असतात.