अमानीचे जंगल: पूर्व उसांबाराच्या डोंगरांत

टांझानियाला जाणारा बहुतेक प्रवासी सेरेंगेटीतले सिंह पाहून परततो. टांगा बंदराच्या पाठीशी उभ्या असलेल्या पूर्व उसांबारा डोंगरांकडे सहसा कोणी वळत नाही. मुहेझा गाव मागे टाकून सिगीच्या चौकीवरून वळणावळणाचा घाट चढू लागलो, तसा उकाडा सरला आणि दुतर्फा गर्द झाडी सुरू झाली. हिंदी महासागरावरून येणारे बाष्प हे डोंगर अडवतात, म्हणून भोवतालचा मुलूख कोरडा पडला तरी इथले जंगल तगून राहिले आणि त्यातले कित्येक जीव जगात अन्यत्र कुठेही आढळत नाहीत.

हे जंगल पाहावे ते रात्री. वाटाड्याने एका डहाळीच्या टोकावर विजेरीचा झोत टाकला, तेव्हा झोपेत फिकट पडलेला उसांबाराचा तीन शिंगांचा घोयरा सरडा पानांतून उठून दिसला. शिंगे फक्त नरालाच असतात. पुढे कमरेइतक्या उंचीच्या पानावर अंगठ्याएवढा टॉर्नियरचा भेक बसलेला होता आणि मला विचाराल तर या प्रवासातले खरे नवल तोच. आपल्या आंबोलीच्या भेकाला अंडी घालण्यासाठी जांभ्यावर साचलेली पावसाची उथळ डबकी तरी लागतात. या भेकाची मादी मात्र अंडी पाण्यात सोडतच नाही. टॅडपोलची सगळी अवस्था तिच्या पोटातच पार पडते आणि बाहेर येतात ती थेट इवली, चार पायांची पिल्ले.

दुसऱ्या दिवशी ओढ्याकाठच्या ओल्या, सावलीतल्या खडकाच्या फटीत लवदार पानांचे आणि जांभळ्या फुलांचे एक रोप दिसले. खिडकीतल्या कुंडीत आपण कौतुकाने वाढवतो त्या आफ्रिकन व्हायोलेटचे हे रानटी मूळ. वॉल्टर फॉन सेंट पॉल-इलेर या जर्मन अधिकाऱ्याने १८९२ च्या सुमारास ही वनस्पती मायदेशी धाडली आणि तिथून ती जगभर पोहोचली.

वनस्पतींची उलट दिशेची आवकही जर्मनांच्याच काळातली. १९०२ मध्ये त्यांनी अमानीत संशोधन केंद्र काढले आणि बागेत परदेशी झाडे लावली. बाहेरून आणलेले मेसॉप्सिस हे झाड आता तोड झालेल्या जंगलात मोकळेपणी पसरले आहे. १९९७ पासून अमानी राखीव क्षेत्र आहे. पण या झाडाची फळे खाऊन बिया दूरवर टाकतात ते इथले धनेशच, आणि त्यांना चौकीवर अडवण्याची सोय नाही.