घरच्या घरी बेस रेकॉर्डिंग, कमी पैशात: माझा अनुभव

बेस गिटार वाजवणाऱ्या सगळ्यांना आधी एक गोष्ट मनापासून सांगायची आहे, घरी स्वस्तात रेकॉर्डिंग करायचं असेल तर आपल्याइतकं सोयीचं वाद्य क्वचितच असेल. गाणाऱ्याला चांगला माईक लागतो, शांत खोली लागते, आवाज घुमला की टेक वाया जातो. आपलं तसं नाही, तार हलते, पिकअप त्या हालचालीचा सिग्नल करतो आणि तो वायरमधून थेट कॉम्प्युटरकडे जातो, शेजारी कोणी भिंतीला ड्रिल मारत असलं तरी ट्रॅकवर त्याचा मागमूस नसतो. बेस रेकॉर्ड करणं सोपंच आहे, अवघड आहे तो नीट ऐकणं. माझा बराचसा वेळ तिथेच गेला, त्यामुळे तो भाग जरा सविस्तर लिहिते.

पण आधी गिटारबद्दल. माझा बेस सेकंडहँड, चार तारांचा, 34 इंच स्केलचा, साधा पॅसिव्ह, म्हणजे आत बॅटरी नसलेला. नवीन काही घेण्याआधी मी त्याचा सेटअप घरीच केला, अॅलन की, स्क्रू ड्रायव्हर आणि ट्यूनर एवढ्यावर होतो. नेकला, म्हणजे गिटारच्या लांब दांड्याला, किती बाक आहे ते बघायला ई तार (सगळ्यात जाड) पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर (दांड्यावरच्या आडव्या धातूच्या पट्टीवर) एकदम दाबायची आणि मधे सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तारेखाली किती फट राहते ते बघायचं, पाव ते अर्धा मिलिमीटर असेल तर ठीक. ट्रस रॉड (नेकच्या आतली, बाक कमीजास्त करणारी सळई) फिरवायचा तर एका वेळी पाव वळसा, जास्त नाही, आणि नेकला स्थिरावायला वेळ द्यायचा. तारांची उंची मी बाराव्या फ्रेटला दोन-अडीच मिलिमीटरवर ठेवली. मग इंटोनेशन, बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता हलक्या स्पर्शाने काढलेला सूर) आणि तिथेच दाबून वाजवलेला सूर एकच यायला हवा, दाबलेला चढा आला तर सॅडल (ब्रिजवरचा तारेचा टेकू) मागे सरकवायचं, उतरा आला तर पुढे. हे काम कंटाळवाणं वाटतं पण रेकॉर्डिंगमधे याचा फरक फार पडतो, कारण नंतर त्यावर कीबोर्ड चढवला की वरच्या फ्रेटवरचा किंचित चढा सूर लगेच कानात खुपतो आणि तो प्लगइनने (रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरला जोडायच्या छोट्या प्रोग्रॅमने) धड दुरुस्त होत नाही.

तारांचं म्हणाल तर तुम्हाला कुठला आवाज हवाय त्यावर आहे. खणखणीत, बोटांचा टणत्कार ऐकू येणारा आवाज हवा तर नव्या राउंडवाउंड (वर गोल तार गुंडाळलेल्या) तारांना पर्याय नाही. जुन्या राउंडवाउंड उकळत्या पाण्यात घालून, पुसून, पूर्ण वाळवून परत लावल्या की मळ जाऊन थोडे दिवस चमक परत येते, मी हे केलंय आणि खरंच उपयोग होतो. पण मला स्वतःला गोल, दबका, लगेच थांबणारा आवाज आवडतो, त्यासाठी मी ब्रिजजवळ (तारा गिटारच्या अंगावर जिथे टेकतात तिथे) तारांखाली फोमचा पातळ तुकडा सरकवते. जुन्या फेंडर बेसना ब्रिजच्या झाकणाखाली असा फोम असायचाच. आणि साध्या सामानात काय होऊ शकतं हे बघायचं असेल तर अमेरिकी बेसवादक जेम्स जेमर्सन ऐका, 1960 च्या दशकातल्या मोटाउन या रेकॉर्ड कंपनीच्या कितीतरी रेकॉर्ड्सवर त्याचाच बेस आहे, फ्लॅटवाउंड (वर चपटी पट्टी गुंडाळलेल्या) तारा, उजव्या हाताचं एकच बोट, आणि बऱ्याचदा बेस थेट मिक्सिंग कन्सोलला जोडलेला. म्हणजे आपण घरी जे करतो तेच की! मला यातून फार बळ मिळालं.

खरा खर्च करायचा तो ऑडिओ इंटरफेसवर, म्हणजे गिटारचा सिग्नल कॉम्प्युटरला देणाऱ्या डब्यावर, आणि तोही छोटाच. बेसला एक इनपुट पुरतो, फक्त त्याला इन्स्ट्रुमेंट किंवा हाय-झी असा मोड हवा. पॅसिव्ह पिकअपला पुढे साधारण दहा लाख ओहमचा, म्हणजे एक मेगाओहमचा इनपुट लागतो, साध्या लाइन-इनचा इम्पीडन्स त्याच्या कितीतरी खाली असतो आणि मग वरची सगळी धार खाल्ली जाते, आवाज घोंगडीखालून आल्यासारखा होतो. अॅक्टिव्ह बेस असेल, म्हणजे आत बॅटरीवर चालणारा प्रीअँप असेल, तर एवढं अडत नाही.

रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरसाठी मी रीपर निवडलं, 60 दिवस पूर्ण वापरून बघता येतं आणि जुन्या लॅपटॉपवरही धावतं. मॅक असेल तर गॅरेजबँड फुकटच आहे. ड्रम्ससाठी एमटी पॉवर ड्रम किट किंवा हायड्रोजन, दोन्ही फुकट. विंडोजवर इंटरफेसचा स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर टाका, हे सोडू नका, कारण लेटन्सीने, म्हणजे वाजवणं आणि ऐकू येणं यातल्या उशिराने, बेसची पार वाट लागते. हिशेब सोपा आहे, 48 किलोहर्ट्झला बफर (कॉम्प्युटर एका वेळी हाताळतो तो आवाजाचा तुकडा) 128 सॅम्पल असेल तर उशीर तीन मिलिसेकंदांच्या आत, 1024 असेल तर 21 मिलिसेकंदांच्या वर, आणि हे फक्त एका बाजूचं, आत आणि बाहेर दोन्ही धरलं तर अजून वाढतं. बोट आधी आणि आवाज नंतर असं व्हायला लागलं की हात आपोआप घाई करतो. लॅपटॉप दमत असेल तर इंटरफेसवरचं डायरेक्ट मॉनिटरिंग, म्हणजे कॉम्प्युटरमधून न जाता आवाज थेट ऐकणं, वापरा, मग हा प्रश्नच नाही.

गेन (इनपुटचा जोर) लावताना मी गाण्यातला सगळ्यात जोरात वाजणारा भाग वाजवते आणि टोक उणे 10 डेसिबलच्या आसपास राहील असं बघते. 24 बिटमधे रेकॉर्ड करत असाल तर लाल दिव्यापर्यंत जायची काहीच गरज नाही.

आता हम, म्हणजे विजेमुळे येणारा गुणगुणाट. हेडफोन घालायचा, आवाज वाढवायचा आणि काहीही न वाजवता नुसतं ऐकायचं. माझ्याकडे दोन आवाज होते, एक खालचा घूं असा आणि एक वरचा बारीक चिरका. ब्रिजवर हात ठेवला की घूं कमी व्हायचा, म्हणजे अर्थिंगची वायर शाबूत होती. खुर्चीसकट हळूहळू वळत गेले तर स्क्रीनकडे तोंड असताना जास्त आणि साधारण काटकोनात वळल्यावर जवळपास नाहीसा, सिंगल कॉइल (एकाच गुंडाळीचा) पिकअप असाच वागतो. दोन्ही पिकअपचे व्हॉल्यूम पूर्ण उघडले तर आणखी साफ, कारण जॅझ बेसच्या पद्धतीच्या जोडीत दुसरा उलटा गुंडाळलेला असतो आणि दोघांचा हम एकमेकांना मारतो. चिरका आवाज मात्र चार्जरचा निघाला, पिन काढून बॅटरीवर घेतलं की गेला. तेव्हापासून टेक घेताना लॅपटॉप बॅटरीवर आणि मी स्क्रीनला आडवी बसलेली, एक पैसा खर्च नाही.

मग वाजवणं. हेडफोनमधे स्वतःचा बेस एकटा ऐकला की सगळ्यात आधी जाणवतं ते न वाजवलेल्या तारांचं गुणगुणणं. ई तारेवर पाचव्या फ्रेटला ए वाजवा, शेजारची मोकळी ए तार आपोआप थरथरायला लागते कारण दोघींचा सूर एकच, आणि तुम्ही बोट उचललं तरी ती वाजतच राहते. अँपवर हे कळत नाही, ट्रॅकवर सगळ्या गाण्याखाली चिखल होतो. यावर फ्लोटिंग थंब, म्हणजे अंगठा पिकअपवर न टेकवता तारांबरोबर सरकवायचा, डी वाजवताना तो ए वर आडवा आणि ई त्याच्याच कुशीत दाबलेली, वरच्या तारा डाव्या हाताच्या मोकळ्या बोटांनी हलकेच झाकायच्या. या एका गोष्टीसाठी मी कितीतरी संध्याकाळी नुसता रियाज केला, आणि कुठल्याही प्लगइनपेक्षा माझा आवाज यानेच सुधारला. दुसरं म्हणजे सूर कुठे संपतो. आपण सुरुवात क्लिकवर आणायला धडपडतो, पण बेसची मजा स्नेअर ड्रम पडायच्या आत सूर सोडण्यात आहे. मिनिटाला 90 ठोक्यांच्या लयीचं गाणं असेल तर मेट्रोनोम 45 वर लावून तो ठोका दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर धरते, मग सूर कधी सोडायचा ते कानाला दिसायला लागतं.

आणि आता ऐकण्याचा भाग. मोकळी ई तार 41.2 हर्ट्झवर वाजते, हवेत त्या लहरीची लांबी आठ मीटरच्या वर जाते. घरातल्या छोट्या खोलीत खुर्ची दोन पावलं सरकवली की तोच सूर एका जागी दणाणतो आणि दुसऱ्या जागी गायब, त्यामुळे स्पीकरवर ऐकून बेस कमीजास्त करणं मी बंद केलं. बंद कपांचा हेडफोन, व्हॉक्सेंगो स्पॅन हा फुकट अॅनालायझर (कुठल्या हर्ट्झला किती आवाज आहे ते दाखवणारा) आणि तुलनेला ओळखीचं एखादं गाणं त्याच पातळीवर, एवढ्यावर काम चालतं. फोनच्या स्पीकरला 41 हर्ट्झ काढताच येत नाही, तरी चांगल्या गाण्यात फोनवरही बेस कळतो ना? कारण त्याच सुराचे 82, 124, 165 हर्ट्झचे वरचे पदर ऐकू येतात आणि मेंदू खालचा सूर स्वतः भरून काढतो. म्हणून मी ट्रॅकची कॉपी करते, एकाचा 200 हर्ट्झच्या वरचा भाग काढून टाकते आणि तो स्वच्छ ठेवते, दुसऱ्याचा खालचा भाग काढून त्याला थोडं डिस्टॉर्शन देते. एकटं ऐकलं तर ते खरखरीत वाटतं, ड्रम्सबरोबर लावलं की खरखर लपते आणि बेस फोनवरही उभा राहतो.

बाकी प्रोसेसिंग थोडंच. 30 हर्ट्झच्या खालचं कापते, 250 च्या आसपास दोन-तीन डेसिबल कमी, कंप्रेसर (जोराचे आवाज दाबणारा) 4:1 आणि अटॅक 20-30 मिलिसेकंद म्हणजे बोटाचा ठोका आधी निसटतो आणि मग दाब पडतो. किक ड्रम 60 हर्ट्झला जोरात असेल तर बेसचं वजन 80 ते 100 मधे ठेवते.

कोरा ट्रॅक, म्हणजे काहीच इफेक्ट नसलेला, कधीच डिलीट करू नका. मी गेल्या वर्षीचे ट्रॅक आता न्यूरल अँप मॉडेलरमधून परत काढतेय, अँपच्या आवाजाची नक्कल करणारा तो प्रोग्रॅम फुकट आणि ओपन सोर्स आहे, वाजवणं तेच आणि अँप नवा. त्यातल्या एका गाण्याचा बेस मात्र पुन्हा वाजवणार आहे, तेव्हा अंगठा सरकवायची सवय नव्हती आणि ए तार सगळीकडे ऐकू येतेय.